दुसरा ‘नार्निया’ आठ वर्षांच्या मुलीला दाखवावा का?

ताई, पहिला भाग तीनदा बघून लेक आता घरातल्या कपाटात शिरून बसते म्हणता, म्हणजे दुसरा टळणार नाहीच. दाखवा. फक्त ‘तसाच आहे, मज्जा येईल’ असं सांगून बसवू नका. आमच्याकडे मी तीच चूक केली होती.

‘प्रिन्स कॅस्पियन’ (२००८) जरा उदास सिनेमा आहे. इंग्लंडात एकच वर्ष झालंय, कपाटातून जिथे गेले होते त्या जादूच्या नार्नियात तेराशे. चौघं भावंडं परततात ती आपल्याच राजवाड्याच्या पडक्या भिंतींत, आणि ते आपलं घर हे त्यांना आधी ओळखूही येत नाही. माझ्या पुतणीला हा हिशेब काही केल्या पटेना. शेवटी सिनेमा थांबवून रेवतीची गोष्ट सांगितली: ककुद्मी राजा लेकीसाठी स्थळ विचारायला ब्रह्मलोकात गेला, गाणं संपेपर्यंत थांबला, तेवढ्यात खाली युगं उलटली. मग गाडी पुढे सरकली.

भीतीचं विचारलंत. रक्त जवळजवळ दिसत नाही. पण राजपुत्र कॅस्पियनचं राज्य बळकावणाऱ्या काकाच्या, मिराझच्या किल्ल्यावरचा रात्रीचा हल्ला जड जातो. १९५१च्या मूळ पुस्तकात तो नाहीच, तरी माझ्या मते सिनेमातला सर्वांत चांगला भाग तोच. थोरला भाऊ पीटर याच्या हट्टापायी सगळे आत घुसतात, डाव फसतो, वरून येणारा दरवाजा एक मिनोटॉर (बैलाच्या डोक्याचा राक्षसी माणूस) खांद्यावर तोलून धरतो आणि तो कोसळल्यावर निम्मे आतच अडकतात. ‘आत राहिले त्यांचं काय झालं?’ असं पुतणीने विचारलं. मरतात, असं सांगितलं. दुसरं काय सांगणार?

सिनेमा अडीच तासांचा आहे, दोन दिवसांत बघा. सगळे टेकडीखालच्या गुहेत जमतात तिथे पहिला दिवस संपवा. हल्ला दुसऱ्या दिवशी, तोही दुपारी. पहिल्या भागातली पांढरी चेटकीण बर्फाआडून थोडा वेळ डोकावते, तेवढं आधी सांगून ठेवा.

पुस्तक आधी वाचायलाच हवं असं नाही. त्यात कॅस्पियनची हकीकत बुटका ट्रंपकिन मागाहून सांगतो, लहान मुलं तिथे कंटाळतात. सिनेमाने ती सरळ लावून घेतली आहे. थोरली बहीण सुझन आणि कॅस्पियन यांचं चुंबन मात्र सिनेमावाल्यांचं. पुतणी ‘ईऽऽ’ म्हणाली, विषय संपला.

‘पडलेला सिनेमा’ म्हणून कुणी नाक मुरडेल. पहिल्याने ७४ कोटी डॉलर मिळवले, याने सुमारे ४२, खर्च साडेबावीस. डिस्नेने त्यानंतर अंग काढून घेतलं आणि २०१०चा तिसरा भाग फॉक्सकडे गेला, हे खरं. पण धाकट्या ल्यूसीला ॲस्लन हा सिंह भेटतो आणि ती वाढेल तसतसा आपणही तिला मोठा दिसू असं सांगतो, तो प्रसंग पहिल्या भागात नाही.

पुतणी रडली ती लढाईत नाही, अगदी शेवटी. पीटर आणि सुझन आता मोठे झाले, त्यांना परत येता येणार नाही असं कळतं तिथे. तिसऱ्या भागात ते दोघं जेमतेम दिसतात, हेही तेव्हाच सांगून टाका. नाहीतर लेक पहिला अर्धा तास त्यांची वाट बघत बसेल.