आर्क्टिक समुद्रातली संशोधन मोहीम कशी आखतात?

तुमचा प्रश्न असा: भाचा बेळगावात एम.एस्सी. करतोय, त्याला आर्क्टिकला जायचंय, तर अशी मोहीम आखतात कशी आणि बोटीवर नक्की काम काय असतं? मी बेळगावातल्या शहापूरचा. एका परदेशी बोटीवर पाण्याचे नमुने घेणाऱ्या तुकडीत एकदा जाऊन आलोय, तेवढ्या जोरावर सांगतो.

निम्मी मोहीम जमिनीवरच होते. बोटीचे दिवस मागायचे ते वर्ष-दोन वर्षं आधी. ज्या देशाच्या २०० सागरी मैलांच्या पट्ट्यात काम करायचं, त्याला किमान ६ महिने आधी कळवून परवानगी मागावी लागते. त्यात रसायनं आणि लिथियमच्या बॅटऱ्या विमानाने सहज जात नाहीत, म्हणून पेट्या फार आधी रवाना होतात. आणि मग सामानाची यादी! आपल्याकडे उद्यमबागेत (बेळगावची कारखान्यांची वसाहत) एखादा बोल्ट कमी पडला तर पोरगं गाडीवर जाऊन घेऊन येतं. तिथे कुठून आणणार? म्हणून प्रत्येक गोष्ट दोन-दोन. 'एवढं ओझं कशाला' म्हणून मी पॅकिंग करताना बरीच कुरकुर केली होती.

पहिल्याच स्टेशनला (बोट थांबवून मोजमाप घ्यायची जागा म्हणजे स्टेशन) ती कुरकुर अंगाशी आली. एका सेन्सरचं झाकण आदल्या रात्री मीच बसवलं होतं. वर आला तेव्हा आत पाणी. झाकणाखालच्या रबरी ओ-रिंगवर माझ्या लोकरी टोपीचा एक धागा अडकला होता, तेवढाच. दर १० मीटरला साधारण एका वातावरणाएवढा दाब वाढतो, २००० मीटरवर दोनशेपट. धाग्याएवढी फट पाण्याला पुष्कळ झाली. यादीतला दुसरा सेन्सर निघाला म्हणून वाचलो. तेव्हापासून ओ-रिंगला हात लावण्याआधी मी टोपी काढून ठेवतो.

मुख्य काम सीटीडीचं. क्षारता, तापमान, खोली मोजणारं यंत्र आणि भोवती बाटल्यांचं कडं, असा पिंजरा विंचवरून (तार गुंडाळणारं यंत्र) तारेने सोडायचा. वेग सेकंदाला साधारण १ मीटर, म्हणजे २५०० मीटर जाऊन यायला दीड तास सहज जातो. बाटल्या वर येताना ठरलेल्या खोलीवर बंद करतात. डेकवर आल्यावर पहिला नंबर ऑक्सिजनच्या नमुन्याचा, कारण हवा लागली की तो बिघडला, क्षारतेचा शेवटी. समुद्राचं पाणी उणे १.८ अंशाला गोठतं आणि बाहेरची हवा त्याहून थंड, तेव्हा पिंजरा पटकन आत ओढायचा, नाहीतर सेन्सरमधल्या काचेच्या नळीत बर्फ होऊन ती तडकते. तिथे उन्हाळ्यात सूर्य मावळतच नाही, म्हणून रात्रपाळीतही हे सगळं उन्हात करायचं, त्याची सवय मला शेवटपर्यंत झाली नाही.

खरी आखणी मात्र काय सोडायचं याची असते. बर्फ सप्टेंबरात सगळ्यात कमी असतो, तरी वारा फिरला की ठरलेली वाट बंद. म्हणून स्टेशनं निघण्याआधीच तीन गटांत लावतात: केलीच पाहिजेत, जमली तर, आणि वेळ उरला तर. आमचा तिसरा गट अख्खा गेला. रोज संध्याकाळच्या बैठकीत कुणाचे तास कापायचे यावरून भाऊबंदकीतल्या वाटणीसारखी वादावादी व्हायची, पण बोट बर्फात घालायची की नाही हा शब्द कॅप्टनचा. तिथे प्राध्यापकही गप्प.

आता भाच्याचं. आपल्या देशाकडे अजून स्वतःची बर्फ फोडणारी संशोधन नौका नाही, पण नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवरच्या न्यू-ओलेसुंडला २००८ पासून 'हिमाद्री' हे आपलं केंद्र आहे, आणि २०१४ मध्ये तिथल्या कोंग्सफ्योर्ड या खाडीत १९२ मीटर खोल पाण्यात 'इंडआर्क' ही उपकरणांची साखळी बसवली. हे सगळं बघणारं राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र गोव्यात वास्कोला आहे, चोर्ल्याच्या घाटातून उतरलं की अर्ध्या दिवसात पोचता येतं. आर्क्टिक मोहिमेसाठी ते प्रस्ताव मागवतात, त्यावर नजर ठेवायला सांगा. पण त्याआधी पोराला उद्यमबागेत एखाद्या पंपवाल्याकडे महिनाभर पाठवा. सील बसवायला, ग्रीस लावायला तिथे जितकं शिकेल तितकं कॉलेजात नाही शिकणार.