पुरस्कृत कोण, पुरस्कर्ता कोण?

पन्हाळ्याच्या घाटात सायकल मारणाऱ्या कोल्हापूरच्या एका वाचकांनी विचारलं आहे : "२०२५ च्या व्हुएल्टा या स्पेनच्या सायकल शर्यतीवर आमच्या ग्रुपसाठी मराठीत टिपण लिहितोय. 'नॅशनल स्पॉन्सरशिप'ला 'राष्ट्रीय प्रायोजकत्व' म्हणावं का? तिथे उतरलेल्या इस्रायल-प्रीमियर टेक या संघाला 'इस्रायलचा संघ' म्हटलं तर चालेल का? आणि स्पेनमध्ये लोकांनी त्या संघाविरुद्ध रस्त्यावर उतरून जे केलं ते निषेध, निदर्शनं की आंदोलन?"

'राष्ट्रीय प्रायोजकत्व' लिहू नका. मराठीत 'राष्ट्रीय' म्हटलं की महामार्ग, बँक, पक्ष अशी देशभर पसरलेली गोष्ट डोळ्यापुढे येते. 'राष्ट्रीय प्रायोजक' वाचून माणूस देशभर जाहिरात करणारी कंपनी समजेल. शिवाय सायकलिंगमध्ये 'राष्ट्रीय संघ' ही वेगळी, खरीखुरी वस्तू आहे. टूर द फ्रान्स १९३० ते १९६१ या काळात देशांच्या संघांमध्येच खेळली जायची. आज जागतिक अजिंक्यपद स्पर्धा तशी होते. स्लोव्हेनियाचा सायकलपटू तादेय पोगाचारने २०२५ च्या जुलैमध्ये टूर जिंकली ती यूएई टीम एमिरेट्सच्या जर्सीत, आणि सप्टेंबरमध्ये किगालीला विश्वविजेतेपद मिळवलं ते स्लोव्हेनियाच्या. राष्ट्रीय संघ म्हणायचं ते स्लोव्हेनियाच्या संघाला.

मग यूएई, बहरीन, अस्ताना या संघांना काय म्हणायचं? इथे नाव देशाचं किंवा राजधानीचं आणि पैसाही बराचसा सरकारी किंवा सरकारी कंपन्यांचा. बहरीनचा संघ तर तिथले राजपुत्र नासिर बिन हमद अल खलिफा यांच्या पुढाकाराने उभा राहिला. यासाठी कोल्हापूरकराला शब्द शोधत फिरायला नको. शाहू महाराजांनी कुस्तीला दिला तो राजाश्रय, आणि खासबाग मैदान ही त्याची खूण. 'राजाश्रय' हा शब्द बहरीनला अक्षरशः लागू पडतो. कझाकस्तानात राजा नाही, म्हणून अस्तानाला 'सरकारी आश्रय' म्हणा. जेको-अलउला हा जरा वेगळा नमुना. संघ ऑस्ट्रेलियाचा, नावातलं अलउला हे मात्र सौदी अरेबियातलं पर्यटनस्थळ. तिथे 'प्रायोजक' शब्द नेमका बसतो, कारण पैसे देऊन नावाची जाहिरात मिळवायची असा तो सरळ व्यवहार आहे.

'प्रायोजक' आपल्याकडे रुळला तो आकाशवाणी-दूरदर्शनच्या 'प्रायोजित कार्यक्रमां'तून. त्याचा सख्खा भाऊ 'प्रयोजक' आपण शाळेत व्याकरणात भेटलेला असतो. 'आई बाळाला हसवते' यातलं 'हसवते' हे प्रयोजक क्रियापद. हसतं बाळ, हसवते आई. देशाच्या नावाच्या जर्सीबद्दल लोकांच्या मनात नेमका हाच प्रश्न असतो : पेडल मारणारा एक, मारायला लावणारा कोण?

आता इस्रायल-प्रीमियर टेक. 'इस्रायलचा संघ' म्हटलं की वाचक इस्रायलचे खेळाडू समजणार. प्रत्यक्षात व्हुएल्टाला उतरलेल्या आठ जणांत इस्रायली एकच होता. संघातून सगळ्यात वर, पाचवा आला तो मॅथ्यू रिचितेलो अमेरिकेचा. मालक सिल्व्हन अ‍ॅडम्स हे कॅनडातले उद्योजक, पुढे इस्रायलला स्थायिक झालेले, आणि स्वतःला इस्रायलचे स्वयंनियुक्त राजदूत म्हणवणारे. प्रीमियर टेक ही कंपनीही कॅनडाचीच. म्हणून याला 'इस्रायल पुरस्कृत संघ' म्हणणंही मला पटत नाही.

'पुरस्कृत' म्हणजे काय ते आपल्या जिल्ह्यात कुणाला सांगायला नको. ग्रामपंचायतीत पक्षाचं चिन्ह नसतं, तरी 'अमुक पक्ष पुरस्कृत पॅनेल' असतंच. मुळात पुरस् म्हणजे पुढे. पुरस्कार करणं म्हणजे पुढे करणं, पाठीशी उभं राहणं. (हिंदीच्या वळणाने 'पुरस्कृत' म्हणजे फक्त 'बक्षीस मिळालेला' असं हल्ली लिहितात, त्याने आपला एक कामाचा शब्द बोथट होतो.) यूएईचा संघ सरकार पुरस्कृत, हे ठीक. इस्रायल-प्रीमियर टेकमध्ये मात्र दिशा उलटी आहे. तिथे संघ आणि मालकच देशाला पुढे करत होते. ते पुरस्कर्ते. तुमच्या टिपणात 'इस्रायलचा पुरस्कार करणारा खासगी संघ' असं लिहा. लांबतं, पण खरं आहे.

"खासगी होता तर लोक का चिडले?" हा प्रश्न यावर येणारच. शाहू स्टेडियमवर पाटाकडील विरुद्ध दिलबहार हा तालमींचा फुटबॉल सामना पाहिलेल्याला याचं उत्तर ठाऊक आहे. संघात बाहेरगावचे, परदेशीसुद्धा खेळाडू असतात, पण जर्सीवर तालमीचं नाव आहे म्हटल्यावर हार-जीत अख्ख्या पेठेची होते. नाव घेतलं की त्या नावामागचं सगळं अंगावर येतं. गाझात माणसं मरत असताना ते नाव स्पेनच्या गावागावांतून रोज फिरत होतं. संघाने शर्यत चालू असतानाच जर्सीवरून 'इस्रायल' काढलं, यातच नावाचं वजन कळतं. आणि युक्रेनवरच्या हल्ल्यानंतर २०२२ च्या मार्चमध्ये रशियन संघांची मान्यता काढली गेली, गॅझप्रॉम-रुसवेलो हा संघ त्यातच संपला, हेही लोक विसरले नव्हते. तेव्हा एक न्याय आणि आता 'खेळात राजकारण नको' हा दुसरा, हे मलाही पटलेलं नाही. टिपणात ही बाजू गाळू नका.

राहिला तिसरा प्रश्न. तिन्ही शब्द हवेत, फक्त जागा वेगळ्या. निषेध नोंदवायचा असतो. तो शब्दाने, ठरावाने, काळ्या फितीने होतो, आणि कोणाचा किंवा कशाचा ते सांगावं लागतं. निदर्शनं एका जागी, डोळ्यांदेखत होतात. ३ सप्टेंबरला बिल्बाओत झाली ती निदर्शनं : अंतिम रेषेपाशी झेंडे घेऊन लोक कठड्यांना भिडले, पुढे पिडकॉक आणि विंगगार्ड हे दोघे सायकलपटू जीव तोडून पळत होते, आणि आयोजकांनी रेषेच्या तीन किलोमीटर अलीकडेच वेळ धरायचं ठरवलं. त्या टप्प्याला विजेताच नाही. १४ सप्टेंबरला माद्रिदमध्ये मात्र लोक रस्त्यावरच आले आणि शेवटचा टप्पा पन्नासेक किलोमीटर शिल्लक असताना सोडून द्यावा लागला. विजेत्या विंगगार्डचा सत्कार हॉटेलच्या पार्किंगमध्ये, बर्फाच्या पेट्यांवर उभं करून झाला. याला आपण रास्ता रोको म्हणतो. ऊसदरासाठी शिरोलीला महामार्ग अडवतात तेव्हा दुसरा शब्द कुणी वापरत नाही. सायकलिंगला हे नवंही नाही. १९८२ च्या टूरमध्ये पोलाद कामगारांनी रस्ता अडवला आणि एक सांघिक टप्पा रद्द झाला होता.

आणि हे सगळं मिळून जवळजवळ तीन आठवडे, एका मागणीसाठी, म्हणजे तो संघ काढून घ्या यासाठी, चाललं ते आंदोलन. कोल्हापूरच्या टोलविरोधी लढ्याला आपण आंदोलन म्हणतो त्याच अर्थाने. 'विरोध प्रदर्शन' तेवढं टाळा. मराठीत प्रदर्शन चित्रांचं, पुस्तकांचं, फार तर शेतीमालाचं.

जाता जाता : तो संघ २०२६ पासून एनएसएन या नावाने, स्विस नोंदणीवर धावतो आहे. 'पूर्वाश्रमीचा इस्रायल-प्रीमियर टेक' असं लिहायचा मोह होईल, पण पूर्वाश्रम संन्याशाचा. इथे 'आधीचा' पुरे.