वर सँडहर्स्ट रोड, मग खाली कुठला?

प्रश्न: लेक डॉकयार्डला राहते म्हणून महिन्यातून एकदा तरी पंचवटीने मुंबई होते. सीएसएमटीहून हार्बर पकडली की गाडी पुलावर चढते, सँडहर्स्ट रोड येतं, खाली मेन लाईनच्या गाड्या पळताना दिसतात. परवा मुद्दाम उतरले आणि खाली येऊन तिघाचौघांना विचारलं सँडहर्स्ट रोड कुठला, तर सगळे वर स्टेशनकडेच बोट दाखवतात! मग रोड गेला कुठे?
– एक वाचक, सिडको, नाशिक

उत्तर: ताई, रोड जागेवरच आहे, नाव तेवढं गेलं. डोंगरीतून गिरगावाकडे जाणारा सरदार वल्लभभाई पटेल मार्ग, ज्याला सगळे एसव्हीपी रोड म्हणतात, तोच जुना सँडहर्स्ट रोड. 1896 ला मुंबईत प्लेग आला तेव्हा लॉर्ड सँडहर्स्ट गव्हर्नर होता (पुण्यात चापेकरांनी रँडला मारलं तेव्हाही हाच). दाटीच्या वस्तीत हवा खेळत नाही म्हणून रोगराई, असं तेव्हा डोक्यात, मग 1898 मध्ये इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट काढला आणि त्यांनी घरं पाडून, समुद्राचा वारा आत यावा म्हणून पूर्व-पश्चिम रुंद रस्ते काढले, त्यातला हा एक. प्लेग उंदरांवरच्या पिसवांनी पसरतो, वारा काय करणार, पण रस्ता मात्र कामाचा झाला.

पूल नंतरचा. उतरलातच तर खालच्या लोखंडी खांबांकडे बघा, 1921 आणि ग्लासगो असा छाप आहे. 3 फेब्रुवारी 1925 ला देशातली पहिली विजेची गाडी व्हीटी ते कुर्ला धावली ती ह्याच हार्बरवरून.

आता नाव वर का राहिलं, तर रस्त्याचं नाव महापालिका बदलते, स्टेशनचं बदलायचं तर राज्याने ठराव करायचा आणि मंजुरी केंद्राची, म्हणजे दोन वेगळी दारं. स्टेशनचं नाव डोंगरी करायचा ठराव विधिमंडळात 2024 च्या जुलैत झाला.

आणि आपलं नाशिक रोड तरी काय हो? तिथे 'नाशिक रोड' नावाचा रस्ता शोधायला कोण जातं, गाव आठ-नऊ किलोमीटर लांब, इथे उतरा आणि रस्त्याने नाशकात जा एवढाच त्याचा अर्थ. सँडहर्स्टचं तसं नाही, तिथे खरोखर त्या नावाचा रस्ता होता.

पुढच्या वेळी पश्चिमेला बाहेर पडा आणि एसव्हीपी रोड विचारा, लेकरूसुद्धा सांगेल.