मेल बघायला ब्राउझर की थंडरबर्ड?

खातं एकच असेल आणि मेल कधी मोबाइलवर, कधी ऑफिसच्या संगणकावर बघत असाल, तर सध्या ब्राउझरमधलं जीमेलच ठेवा. दोन-तीन खाती असतील किंवा नेट सारखं जात असेल, तर थंडरबर्ड (संगणकावर टाकायचा मेलचा प्रोग्राम) जरूर टाका. फुकट आहे, आणि उतरवलेले मेल नेटशिवायही वाचता येतात.

टाकताना एवढं सांभाळा:

- खातं जोडताना आयमॅप (मेल कंपनीच्या सर्व्हरवरच ठेवून सगळीकडे सारखे दाखवणारी पद्धत) निवडा, पोर्टच्या रकान्यात ९९३. पॉप (मेल आपल्या संगणकावर उतरवून घेणारी पद्धत) निवडलं तर सेटिंगनुसार मेल सर्व्हरवरून काढले जातात आणि मोबाइलवर दिसेनासे होतात. नवे लोक सगळ्यात जास्त इथेच फसतात.
- आयमॅप म्हणजे बॅकअप नव्हे. इथे खोडलेला मेल सर्व्हरवरूनही जातो. जपायचे मेल ‘लोकल फोल्डर्स’मध्ये (हे फोल्डर आपल्याच संगणकावर असतात) कॉपी करा, मूव्ह नको.

फिल्टर वगैरे नंतर बघू. आधी आठवडाभर दोन्ही वापरून बघा, मेल खोडले नाहीत तर आयमॅपवर काही बिघडत नाही.