तीन तासांची प्रॅक्टिस, एकच फाइल

प्रश्न: आमचा पाच जणांचा बँड आहे, दर रविवारी प्रॅक्टिस होते आणि रेकॉर्डर सुरू करून ठेवतो, पण नंतर ती लांबलचक फाइल कोणी ऐकतच नाही. गाणी वेगळी करायला काही सोपा उपाय? (एक वाचक, डोंबिवली)

उत्तर: अहो, घरोघरी मातीच्या चुली! 44.1 किलोहर्ट्झ, 16 बिट स्टिरिओ वेव्ह (WAV, म्हणजे न दाबलेली ऑडिओ फाइल) म्हणजे मिनिटाला साधारण 10 एमबी, तीन तासांचे झाले की जवळपास 2 जीबी. ऑडॅसिटी हे आवाज एडिट करायचं सॉफ्टवेअर फुकट आहे, त्यात फाइल उघडा, वेव्हफॉर्म (आवाजाचा पडद्यावर दिसणारा आलेख) झूम करा, गाणं सुरू होतं तिथे क्लिक करून कंट्रोल-बी दाबा, म्हणजे लेबल लागतं, त्यात नाव टाईप करा, शेवटी मल्टिपल फाइल्सवाला एक्सपोर्ट निवडला की लेबलनुसार तुकडे आपोआप पडतात. शांतता शोधून आपोआप लेबलं लावायची सोयही आहे पण प्रॅक्टिसमध्ये शांतता असते कुठे, गाणं संपलं तरी ड्रमर ठोकतच असतो, म्हणून मी तिच्या नादी लागत नाही. त्यापेक्षा प्रत्येक टेकच्या (गाणं एकदा वाजवण्याच्या) आधी कोणीतरी रेकॉर्डरजवळ जाऊन गाण्याचं नाव बोलायचं आणि तीन जोरदार टाळ्या, वेव्हफॉर्ममध्ये तीन सुळके लगेच दिसतात. रेकॉर्डिंगची लेव्हल मात्र कमीच ठेवा, पीक (सर्वात मोठा आवाज) मीटरवर उणे 12 डेसिबलच्या आसपास, फाटलेला आवाज नंतर नीट होत नाही. आणि रेकॉर्डिंग एमपीथ्रीमध्येच असेल तर एमपीथ्री डायरेक्टकट वापरा, ते पुन्हा एन्कोड न करता कापतं.