अर्धा तुकडा राखून ठेव

प्रिय विद्यार्थिनीस,
अनेक आशीर्वाद.

जीवाश्मांवर काम करायचं तर आधी कोणतं यंत्र शिकू, असं तू विचारलंस. यंत्रावर हात बसेल गं, त्याची घाई नको. त्याआधीचं एक सांगते.

चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याजवळ पिसदुरा आहे. तिथल्या शेतांत डायनोसॉरच्या विष्ठेचे दगड झालेले गोळे सापडतात. ज्यांच्या नावाचं कॉलेज नागपुरात आहे, त्या हिस्लॉप यांनी एकोणिसाव्या शतकातच तिथले जीवाश्म गोळा केले होते. पण त्या गोळ्यांत गवत आहे हे कळायला २००५ साल उजाडलं. वंदना प्रसाद, कॅरोलिन स्ट्रॉमबर्ग, अशोक साहनी आणि सहकाऱ्यांनी त्यातून गवताचे फायटोलिथ, म्हणजे पेशींत तयार झालेले दगडासारखे सूक्ष्म कण, वेगळे काढले. गवत डायनोसॉरनंतरचं, अशीच तोवर बहुतेकांची समजूत होती. इथे तर सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचं, भात आणि बांबूच्या गोतातलं गवत निघालं!

गवताच्या पात्याने बोट चिरतं ना, त्यात सिलिकाचा हात असतो. मुळं पाण्याबरोबर सिलिका ओढतात, ती पेशींत साचते, पेशीचा आकार घेते. पान कुजून जातं, तो इवलासा साचा उरतो. तोच फायटोलिथ. भाताच्या तुसाची राख चिमटीत चोळून बघ, खरखर लागेल.

आता प्रयोगशाळेकडे ये. तुकडा कुटायचा, हायड्रोक्लोरिक आम्लाने चुना घालवायचा, नायट्रिक आम्लाने सेंद्रिय भाग. मग जड द्रवात टाकलं की वाळूचे कण तळाशी बसतात, हलके फायटोलिथ वर तरंगतात. हे सगळं पुस्तकात मिळेल. एक गोष्ट मात्र मी हात पोळून शिकले. परागकण हवे असतील तर खनिजं विरघळवायला हायड्रोफ्लोरिक आम्ल वापरतात. पराग त्यातून तगतात, पण फायटोलिथ सिलिकाचेच, ते विरघळून जातात. विद्यार्थीदशेत माझ्या वाट्याला आलेला एकुलता एक गोळा मी सवयीने परागाच्या पद्धतीने अख्खा संपवला. पराग नावापुरतेही निघाले नाहीत. काही वर्षांनी फायटोलिथ बघावेत असं मनात आलं, तेव्हा हातात फक्त रिकामी डबी आणि तिच्यावरचं माझ्या अक्षरातलं लेबल. आजही ती डबी टाकवत नाही.

म्हणून आम्लाची बाटली उघडण्याआधी वहीत लिही: मला काय शोधायचंय? आणि अर्धा तुकडा राखून ठेव. आज सीटी स्कॅनने दगड न फोडता आतलं दिसतं. जमेल तिथे आधी ते करून घे.

दुसरं भय आजच्या धुळीचं. असा गोळा शेतात उघड्यावर पडलेला असतो, आणि भोवती ज्वारी असली तर तीही गवतच. तिचे फायटोलिथ दगडाच्या भेगांत शिरले, तर तू कालच्या पिकाला कोट्यवधी वर्षांपूर्वीचं ठरवशील. बाहेरचा थर खरवडून काढ, आतला भाग वेगळ्या खलात कुट, दोन्हींच्या स्लाइड शेजारी शेजारी ठेवून बघ. वेळ जातो, जाऊ दे.

दिवाळीनंतर शेतावर जाशील तेव्हा प्रत्येक गोळ्याशेजारची चिमूटभर मातीही वेगळ्या पुडीत आण. पुडीवर क्रमांक तिथल्या तिथेच घाल, घरी आल्यावर नको.

तुझी,
मॅडम