नवीन वेबसाईटला बॅकलिंक (दुसऱ्या साईटवरून आपल्याकडं येणाऱ्या लिंक) मिळवायला सुरुवात कुठून करावी? ३००० रुपयांत ५०० लिंक मिळतायत, घेऊ का?

घेऊ नका. देणाऱ्याकडं आधी त्या ५०० साईटची यादी मागा. यादी मिळाली तर त्यातल्या दहा साईट उघडून बघा. एकाच पानावर कर्ज, औषधं, जुगार आणि तुमची हळद शेजारी-शेजारी दिसेल.

तुम्ही लिहिलंय की लातूरहून हळद आणि मसाले विकता, साईट चार महिन्यांची आहे आणि दुकानाचं नाव टाकलं तरच गुगलवर सापडते. वसमतच्या एका हळद व्यापाऱ्याच्या साईटचं काम अगदी असंच होतं, म्हणून तेच उलगडून सांगतो.

त्या साईटच्या सर्च कन्सोलमध्ये (साईटमालकासाठीचं गुगलचं मोफत साधन) ‘लिंक्स’ अहवाल उघडला तर लिंक देणाऱ्या साईट हजारभर. व्यापारी खूश होते. पण त्याच अहवालात लिंकचे शब्द कोणते आहेत तेही दिसतं, आणि तिथं वरची सगळी वाक्यं थोड्याफार फरकानं एकच होती: ‘बेस्ट टर्मरिक पावडर होलसेल’. माणूस मनानं लिंक देतो तेव्हा असं लिहीत नाही. तो दुकानाचं नाव लिहितो, ‘इथं बघा’ म्हणतो, नाहीतर नुसता पत्ता चिकटवतो. विक्रीचं एकच वाक्य शेकडो ठिकाणी दिसलं की ते विकत घेतलेलं आहे हे उघड होतं. गुगलनं २०१२ मध्ये शोधाच्या नियमांत ‘पेंग्विन’ नावाचा बदल आणला तो असल्याच लिंक पकडायला. २०१६ पासून तो निकालांचा क्रम ठरवणाऱ्या मुख्य अल्गोरिदममध्येच आहे आणि बहुतेक वेळा अशा लिंक सरळ मोजतच नाही. पैसे जातात, हाती काही येत नाही. ‘डीए ५०’ वगैरे जे दाखवतात तो साईटचं वजन सांगणारा मोझ कंपनीचा आकडा (डोमेन ऑथॉरिटी) आहे, गुगलचा नाही, आणि तो फुगवताही येतो.

खरं नुकसान मात्र दुसरीकडंच झालं होतं. साईट नव्यानं बनवताना पानांचे पत्ते बदलले आणि जुने तसेच मरू दिले. ‘हळद शिजवणे व वाळवणे’ या जुन्या पानाला एका शेतकरी उत्पादक कंपनीनं, एका शेतीविषयक पोर्टलनं आणि बॉयलर बनवणाऱ्या कारखान्यानं लिंक दिली होती. तिन्ही लिंकवर आता ४०४, म्हणजे ‘पान सापडत नाही’, येत होतं. हजार फालतू लिंक विकत घेतल्या आणि कष्टानं आलेल्या तीन घालवल्या! ‘लिंक्स’ अहवालात कोणत्या पानांना बाहेरून लिंक आहेत ती यादी मिळते. ती उतरवून घेतली, वेबॅक मशीनवर (साईटच्या जुन्या प्रती जपणारी साईट) जुनी पानं शोधली आणि प्रत्येक मेलेल्या पत्त्यावरून त्याच विषयाच्या नव्या पानावर ३०१ रीडायरेक्ट, म्हणजे कायमचं वळण, लावलं. सगळं उचलून मुखपृष्ठाकडं वळवू नका, गुगल त्याला सॉफ्ट ४०४, म्हणजे पान नसल्यासारखंच, धरतं. आणि वळण एकच ठेवा. एचटीटीपीवरून एचटीटीपीएस, तिथून डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू, तिथून नवं पान अशी साखळी नको.

त्याच साईटवर आणखी एक गोची होती, मराठी साईटवाल्यांनी नीट वाचावी. पानाचा पत्ता देवनागरीत होता. तो कॉपी करून व्हॉट्सअॅपवर किंवा मेलवर टाकला की टक्क्याच्या चिन्हांची लांबलचक ओळ होते, मध्येच तुटते आणि समोरच्याच्या साईटवर अर्धीच लिंक लागते. मजकूर मराठीतच ठेवा, पत्ता मात्र रोमन लिपीत, तीन-चार शब्दांचा.

तुमची साईट नवी आहे, त्यामुळं तुम्ही ओळखीपासून सुरू करा. मोंढ्यात नवा खरेदीदार आला तर शंभर अनोळखी माणसांनी नाव घेतल्यानं त्याला उधारीवर माल मिळत नाही, एका जुन्या आडत्यानं ‘आपला माणूस आहे’ म्हटलं की मिळतो. लिंकचंही तसंच. गिरणीचं यंत्र ज्यांच्याकडून घेतलं त्यांच्या साईटवर ‘आमचे ग्राहक’ असं पान असतं. पाकिटं छापणारा, ज्या उत्पादक कंपनीकडून माल घेता ती, तुमचा माल ठेवणारी पुण्या-संभाजीनगरची दुकानं, व्यापारी संघटना. यांची यादी एका बैठकीत होते. मग दुकानाचं नाव अवतरणचिन्हात टाकून गुगलवर शोधा, स्वतःची साईट वगळून. कुठं नाव आलंय पण लिंक नाही, तिथं मागणं सगळ्यात सोपं. स्पेलिंग बदलून शोधा. वसमतचंच इंग्रजीत कुणी ‘बसमत’ लिहितं, कुणी ‘बसमथ’, आणि निम्मे उल्लेख त्यातच सुटतात.

पण ओळख संपली की लिंक द्यायला पान लागतं. त्या व्यापाऱ्याची साईट सांभाळणाऱ्या एजन्सीशी माझा वाद इथंच झाला. त्यांचं म्हणणं, ‘मजकूर कोण वाचतं, लिंक मारत राहा.’ मी तेव्हाही म्हणालो आणि आजही म्हणतो: ‘आमच्याकडं शुद्ध हळद मिळेल’ या पानाला जगात कुणीही लिंक देणार नाही. सेलम जातीच्या १०० किलो ओल्या हळदीची सुकी साधारण २० किलो का भरते, काढणीनंतर दोन-चार दिवसांत का शिजवावी, ओलावा १० टक्क्यांच्या खाली आणल्याशिवाय पोत्यात का भरू नये, असं एक पान फोटोंसह लिहा. शेतकरी गट, कृषी महाविद्यालयाची मुलं, पाककृती लिहिणाऱ्या बाया, सगळ्यांना ते लागतं. मराठीत असं नीट लिहिलेलं फार कमी आहे, ही तुमची संधी आहे.

मग एकेकाला मराठीत पाच ओळी लिहा: तुमच्या अमुक पानावर, अमुक परिच्छेदात हळद वाळवण्याचा उल्लेख आहे, तिथं हे पान वाचकाला उपयोगी पडेल. पत्ता द्या. लिंकचे शब्द त्यांना ठरवू द्या. आठ दिवसांनी एकदा आठवण, नंतर सोडून द्या. लिंक लागली की पान उघडून तपासा. ती पानाच्या कोडमध्ये साधी ‘ए एचरेफ’ लिंक हवी, बटणामागं लपवलेली जावास्क्रिप्ट नको, आणि त्या पानावर ‘नोइंडेक्स’ (गुगलनं पान शोधात दाखवू नये अशी खूण) नको.

काही गोष्टी राहिल्याच. पैसे देऊन छापलेल्या लेखातल्या लिंकला ‘स्पॉन्सर्ड’ खूण लागते, हा गुगलचा २०१९ पासूनचा प्रकार आहे. जाहिरात म्हणून ती खुशाल करा, रँकिंगसाठी नको. विकिपीडियावरच्या बाहेरच्या लिंक नोफॉलो (‘ही लिंक धरू नका’ अशी गुगलसाठीची खूण असलेल्या) असतात, तिथं स्वतःचं दुकान घुसवायला जाऊ नका, संपादक काढून टाकतात. आणि डिसअॅव्हो फाईल (‘या लिंक मोजू नका’ असं गुगलला कळवणारी यादी) कुणी करून देतो म्हणाला तर थांबा. सर्च कन्सोलमध्ये ‘मॅन्युअल अॅक्शन्स’ (गुगलनं साईटवर केलेली कारवाई) रिकामं असेल आणि तुम्ही स्वतः लिंक विकत घेतल्या नसतील तर त्या फाईलची गरज नाही. चुकीचं डोमेन त्यात गेलं तर चांगली लिंकही जाते. वसमतच्या साईटवर ती वापरली, कारण तिथं लिंक विकत घेतल्या होत्या, आणि तरीही फरक पडायला महिने लागले.

ते ३००० रुपये हळदीच्या कर्क्युमिन (हळदीला पिवळा रंग देणारा घटक) तपासणीकडं लावा आणि रिपोर्टचा फोटो त्या पानावर टाका.